पोरांना देव फक्त रविवारीच भेटतो का?

खानापूर_रोड:
गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीत पालकांची बैठक झाली. मे महिन्यात तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलं. मी एकट्यानंच विरोध केला, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

शिबिरातून पोरं पेटून येतात. पंधरा दिवस पहाटे उठून प्रार्थना होते, मग दहावीचे क्लास, क्रिकेट आणि मोबाईल सुरू झाले की संपलं. पुढच्या मे महिन्यापर्यंत देव सुट्टीवर. माझं म्हणणं एवढंच, की मंगळवारी सकाळी बसमध्ये उभं असताना देव सोबत आहे हे पोराला जाणवायला हवं. ते घरातच शिकता येतं.

लेंतपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून, आमच्याकडं रात्रीच्या जेवणाला एक रीत आहे. आज देव कुठं जवळ वाटला, ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. आधी मी, मग बायको, मग पोरं. "काही नाही" म्हटलं तरी चालतं. मोठा दहावीत आहे. दोन आठवडे तो "काही नाही" म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "बसमध्ये एका म्हातारीची भाजीची बुट्टी मांडीवर घेतली. ती कंडक्टरशी कन्नडात भांडत होती आणि माझ्याशी मराठीत बोलत होती. उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. देव वगैरे माहीत नाही, पण बरं वाटलं."

मी त्यावर काहीही बोललो नाही. भाकरी पुढं सरकवली. ते न बोलणं मला फार जड गेलं, खरं सांगतो.

टिळकवाडीची_सून:
तुमचा हेतू चांगला आहे, पण याचा गृहपाठ होणार. पोरं हुशार असतात, बापाला काय ऐकायला आवडतं ते त्यांना बरोबर कळतं. सहा महिन्यांनी रोज एक म्हातारी बसमध्ये चढेल बघा.

आणि "देव जवळ आहे" हे आमच्या घरात कसं वापरलं गेलं तेही ऐका. दूध सांडलं, देव बघतोय. खोटं बोललीस, देव बघतोय. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. परवा मला म्हणाली, "आई, आपला देव म्हणजे खडेबाजारातल्या दुकानातला सीसीटीव्ही." मी हसले, पण रात्री झोप लागली नाही.

खानापूर_रोड:
सीसीटीव्हीचं पटलं. पण "तू मला पाहणारा देव आहेस" असं पहिल्यांदा म्हणाली ती बायबलमधली हागार. घरातला जाच सोसवेना म्हणून पळालेली, पोटुशी दासी, रानातल्या झऱ्यापाशी बसलेली. तिला त्या नजरेनं धीर आला. तीच नजर आपण पोरांना धाक दाखवायला वापरतो.

जुना_शब्बाथ_शिक्षक:
माफ करा, पण "बरं वाटलं" म्हणजे देव नव्हे. कुंदा खाल्ला तरी बरं वाटतं. एकतीस वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांचा बायबलचा वर्ग, घेतोय. वचन पाठ नसेल तर पोरगं कशाच्या आधारावर ओळखणार की हा देव आहे? बायबलमधल्या लहान शमुवेलला देवाची तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो म्हाताऱ्या याजक एलीकडंच धावला, कारण त्याला परमेश्वराची ओळख अजून झाली नव्हती. शिकवणारा म्हातारा लागतोच.

टिळकवाडीची_सून:
सर, त्याच म्हाताऱ्याची स्वतःची दोन्ही पोरं, हफनी आणि फिनहास, कुठल्या थराला गेली तेही त्याच पुस्तकात आहे. शिकवणं तर त्याच्या घरातही असणारच की.

जुना_शब्बाथ_शिक्षक:
हे मात्र तुम्ही वर्मावर बोट ठेवलंत. तरी एक बघा. एलीनं शमुवेलला देव काय बोलेल ते सांगितलं नाही. उत्तर कसं द्यायचं तेवढं सांगितलं आणि परत झोपायला पाठवलं. एवढं आम्ही करू शकतो.

कॅम्पातला_कॅथलिक:
आमच्याकडं हे जुनंच आहे. संत इग्नेशियस (१४९१–१५५६) यांनी दिवस तपासण्याची प्रार्थना घालून दिली. दिवसातले प्रसंग एकेक करून देवासमोर उलगडायचे. पण त्यात देवापासून कुठं लांब गेलो हेही बघायचं असतं. खानापूरवाल्यांच्या ताटाभोवती फक्त गोड गोष्टी येताहेत, ती उणीव आहे.

दुसरे ब्रदर लॉरेन्स, सतराव्या शतकातले, पॅरिसच्या मठात स्वयंपाकी. स्वयंपाकाचा त्यांना मनातून कंटाळा होता. तरी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायचं ते हळूहळू शिकले, आणि त्याला वर्षं लागली. आमच्या घरी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, पोरं पेंगतात, पण आजीची भांडी घासताना गप्पा मारतात. मी आता तेर्स छोटा केलाय. आईला आवडलेलं नाही.

निपाणीकर:
सगळे एक गोष्ट विसरताय. पोरं प्रार्थना कुठल्या भाषेत करणार? घरी मराठी, बाहेर कन्नड, अभ्यास इंग्रजीत. आणि आपण गातो ती गीतं ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) काळातली. माझा जीव त्यांच्यावर आहे, पण पोरीला निम्मे शब्द कळत नाहीत. ती मनात इंग्रजीत प्रार्थना करते. का विचारलं, तर म्हणाली, "मराठीत देव तुमच्यासारखा वाटतो, रागावलेला."

टिळक स्वतः म्हणत की तुकारामाच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडं आले. आपल्या पोरांचा पूल कुठला, ते आपण कधी विचारलंय? मी तिला सांगितलंय, मोबाईलवर लिही, बेळगावी खिचडी भाषेत लिही, मला दाखवू नकोस.

जुना_शब्बाथ_शिक्षक:
गीतांना हात लावू नका. बाकी चालेल.

पीयूसी_दुसरं_वर्ष:
मी सतरा वर्षांचा आहे. वरचं सगळं वाचलं. पप्पाही रोज जेवताना देवाबद्दल बोलतात, त्यातलं मला एकही वाक्य आठवत नाही. आठवतं ते आजोबा दवाखान्यात होते तेव्हाचं. पप्पा रात्री जिन्यात बसले होते, मांडीवर गीतांचं पुस्तक, न उघडलेलं. मी शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, "आज मला काही सुचत नाही रे." आम्ही तसेच बसून राहिलो, खालचा चहावाला येईपर्यंत. तेव्हा मला कोणीतरी तिसरं बसल्यासारखं वाटलं. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.

खानापूर_रोड:
काल रात्री जेवताना मी पहिल्यांदाच "काही नाही" म्हणालो. खरंच दिवस तसा गेला होता. मोठ्यानं मान वर करून बघितलं आणि ताक ओतून दिलं.

आणि हो, शिबिराची फी भरली. त्याचे सगळे मित्र जाताहेत म्हणे.