मुलींच्या संघाची बचावफळी: लाइन कुठे तुटते, आणि गोल खाल्ल्यावरची भांडणं

फक्कीवाली

शाळेचा मुलींचा संघ, १७ वर्षांखालील, जळगाव जिल्हा. ४-४-२ (चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड) खेळतो. चौघी बॅक एकेकट्या चांगल्या आहेत, टॅकल बरा, हेडिंगला घाबरत नाहीत. तरी गोल बहुतेक एकाच तऱ्हेचे बसतात: राइट स्टॉपर (मधल्या दोन बॅकपैकी उजवी) आणि राइट बॅकच्या फटीतून थ्रू बॉल (बॅकच्या मागे सोडलेला पास) निघतो, त्यांची फॉरवर्ड सुटते, आमची गोली गोललाइनवर उभी. दोघी हात वर करून ऑफसाइड (पास निघताना फॉरवर्ड बॅकच्या पलीकडे होती, म्हणून गोल रद्द) मागतात आणि तिसरी मागेच राहिलेली असते.

गोल झाला की लगेच "तू का नाही आली पुढे?" सुरू. लेफ्ट बॅक सातपुड्याकडची, घरी पावरी बोलणारी. भांडण लागलं की ती गप्प होते आणि उरलेली मॅच तोंडच उघडत नाही.

लाइन एकत्र हलायला काय करून घ्यावं? मैदानात कोणी काय बोलायचं? आणि ही तू-तू मैं-मैं थांबणार कशी? ग्राउंड काळ्या मातीचं. सराव आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास.

स्टॉपर_धुळे

ताई, बॅकचा दोष सगळ्यात शेवटी बघा. लाइन वर चढवायची की मागे घ्यायची, हे बॉल ज्या मुलीकडे आहे तिच्यावरून ठरतं. तिच्या अंगावर तुमची कोणी नाही, मान वर आहे, तोंड तुमच्या गोलकडे आहे, तर बॉल मोकळा. अशा वेळी पास निघायची वाट न बघता चौघींनी मागे सरकायला लागायचं. तिने पाठ केली, बॉल पायात अडकला, मान खाली गेली किंवा मागे पास दिला, तर बॉल बंद. चढायचं ते तेव्हाच. तुम्ही लिहिलंय त्यावरून थ्रू बॉल देणारीला निवांत वेळ मिळतोय. म्हणजे गोल सुरू होतो हाफच्या (मधल्या फळीच्या) ओळीत आणि बोलणी खातात बॅक.

सराव अर्ध्या ग्राउंडवर घ्या. चौघी बॅक, त्यांच्यासमोर ३० मीटरवर तीन मुली आपसात पास देतायत. बॉल मोकळा झाला की चार-पाच पावलं मागे, पण अंग तिरकं ठेवून, म्हणजे बॉलही दिसतो आणि वळून पळताही येतं. बंद झाला की तेवढीच पावलं वर. आडवा पास गेला तर फक्त बाजूला सरकायचं. १० मिनिटं करा, पाणी, परत १० मिनिटं. पहिला आठवडा फॉरवर्ड आणूच नका. फॉरवर्ड दिसली की मुली बॉल सोडून तिच्याकडे बघत बसतात आणि लाइन तिथेच वाकडी होते.

अंतरासाठी दोर वापरा. २४ मीटरचा दोर, ८-८ मीटरवर गाठ, दोन टोकं आणि दोन गाठी चौघींच्या हातात. कमरेला बांधायचा नाही, एक पडली की बाकीच्या तोंडावर येतील. ताणला तर फट पडली, जमिनीला लोंबला तर गर्दी झाली. कोचने सांगावं लागत नाही. जी बॉलवर जाईल ती दोर सोडते आणि उरलेल्या तिघी त्या बाजूला सरकतात. बॉल उजव्या टचलाइनला असेल तर लेफ्ट बॅक फार तर दूरच्या पोस्टच्या रेषेत दिसली पाहिजे. "पण माझी विंगर मोकळी राहिली ना सर" हे शंभर टक्के ऐकायला मिळेल. राहू द्या. तेवढ्या लांब बॉल जाईपर्यंत ती पोहोचते.

आता तुमची उजवीकडची फट. राइट बॅक विंगरकडे बाहेर जाते आणि राइट स्टॉपर आपली फॉरवर्ड धरून जागच्या जागी राहते, दुसरं काही नसणार. बॉलवर जाणारीने सुरुवातीला जोरात पळायचं, शेवटच्या दोन मीटरला पावलं बारीक करायची आणि हातभर-दीड हातावर तिरकं उभं राहून समोरचीला टचलाइनकडे ढकलायचं. पाय टाकायची घाई नाही. स्टॉपरने तिच्या मागे ५-६ मीटर, आतल्या बाजूला तिरक्यात यायचं. ३ मीटरपेक्षा जवळ गेली तर एका टचमध्ये दोघी कटतात. ८ मीटरच्या पुढे राहिली तर ते कव्हर (मागून आधार) नाहीच, समोरची आधी एकीला हरवते, मग दुसरीला. स्टॉपरने सोडलेली फॉरवर्ड लेफ्ट स्टॉपर घेते. हे चढत्या क्रमाने करा: आधी १ विरुद्ध २, मग २ विरुद्ध ३, मग ४ विरुद्ध ४.

हाफची ओळ बॅकपासून १०-१२ मीटरवर हवी. इटलीतल्या कोच आरिगो साक्कीच्या मिलान क्लबने १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप जिंकले तेव्हा बॅकपासून फॉरवर्डपर्यंतचं अंतर २५ मीटरच्या आसपास ठेवायचा त्याचा आग्रह होता, आणि बॉल नसताना नुसत्या जागा बदलायचा सराव तो करून घ्यायचा. तुमच्या वयाला ३०-३५ मीटर पुष्कळ झालं.

शिट्टी

रेफ्रीच्या बाजूने सांगतो. ऑफसाइड ट्रॅपचा (लाइन वर चढवून फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये अडकवायचा) नाद सोडा. तालुका-जिल्ह्याच्या मॅचला झेंडा कोणाच्या हातात असेल याचा भरवसा नसतो, आणि चांगला लाइन्समन असला तरी शंका आली की झेंडा खालीच ठेवतो. हात वर केलेल्या मुलीची दोन-तीन पावलं तिथेच जातात. सरावात हात वर दिसला की खेळ न थांबवता मोठ्याने "पळ" म्हणा.

नियमाच्या या गोष्टी मुलींना तोंडपाठ हव्यात. बरोबरीत असलेली फॉरवर्ड ऑफसाइड नाही, आणि हात-दंड मोजत नाहीत. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नाही. थ्रोच्या वेळी लाइन वर चढवून निर्धास्त उभ्या राहणाऱ्या बॅक दर स्पर्धेत दिसतात, आणि गोल खातात. रेषा मोजायची शेवटून दुसऱ्या बचावपटूची, त्यात गोलीही धरतात. गोली बाहेर धावत आली असेल तर एकच बॅक मागे असून भागत नाही. दुखापत झालेली बॅक गोललाइनच्या मागे जाऊन पडली तर खेळ थांबेपर्यंत, किंवा बचाव करणाऱ्यांनी बॉल मध्यरेषेच्या दिशेने खेळून पेनल्टी एरियाबाहेर काढेपर्यंत, ती गोललाइनवर आहे असंच धरतात. म्हणजे जवळजवळ सगळ्या फॉरवर्ड ऑनसाइड. तिला बाहेर न्यायची घाई करण्याऐवजी बॉल लांब काढा.

अजून एक. जुलै २०२५ पासूनच्या नियमात गोलीने बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे ५ सेकंद रेफ्री बोटांनी दाखवतो. बॉल छातीशी धरून "सगळ्या वर जा" म्हणत उभं राहायची सवय मोडा. मुलींनी वर पळायचं ते गोलीने बॉल पकडला त्याच क्षणी.

तापीकाठ

वरचं सगळं बरोबर, पण बोलण्याशिवाय चालणार नाही. पाचच शब्द ठरवा. "चढ" म्हणजे लाइन वर, "मागे" म्हणजे मागे, "मी" म्हणजे बॉलवर मी जाते, "बाहेर" म्हणजे तिला टचलाइनकडे ढकल, "पाठीवर" म्हणजे तुझ्या मागे मुलगी आहे. "चल" नको, वाऱ्यात "बॉल"सारखं ऐकू येतं. "पुढे" नको, "मागे"च्या शेजारी बसतं. अहिराणी पोरी "मांगे" ओरडतील, ओरडू द्या. आणि पाचातला एक शब्द लेफ्ट बॅकला तिच्या बोलीतला निवडू द्या, तो बाकीच्या दहा जणींनी पाठ करायचा. हे लाड म्हणून सांगत नाही. अडचणीत सापडलेली मुलगी घरच्याच भाषेत ओरडते. तो शब्द आधीच सगळ्यांच्या कानावर असला तर अर्धा सेकंद वाचतो.

हुकूम मागून पुढे जातो, कारण मागच्या खेळाडूला जास्त ग्राउंड दिसतं. गोली स्टॉपरला सांगते, स्टॉपर हाफला. "चढ" आणि "मागे" एकीच्याच तोंडून आलं पाहिजे. लेफ्ट स्टॉपर ठरवा, ती बोलत नसेल तर राइट, पण दोघी कधीच नाही. नाव आधी, शब्द नंतर. आणि मैदानात "का" हा शब्द बंद. "का नाही आली" या वाक्याने कोणालाच पुढचं पाऊल कळत नाही.

गोल बसल्यावर सेंटर (मधून पुन्हा खेळ सुरू) होईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट मिळतो. कॅप्टनने चौघी बॅक आणि गोलीला जवळ घ्यायचं आणि पुढच्या पाच मिनिटांचं एक वाक्य सांगायचं, उदाहरणार्थ "लाइन पाच पावलं खाली, सहा नंबरला हाफ सोडणार नाही". बस. कोणाची चूक, ते पुढच्या सरावाला.

तिथे फक्कीने जमिनीवर खुणा मारा, त्या गोलच्या वेळी जी जिथे होती तिथे तिला उभी करा आणि बॉल आपल्याकडून गेला त्या जागेपासून चालत या. प्रश्नांचा क्रम बदलायचा नाही: बॉलवर कोण होती, कव्हर कुठे होती, लाइन सरळ होती का, आणि सगळ्यात शेवटी गोली. प्रत्येकीने स्वतःपुरतं बोलायचं, "मी इथे होते, मला हे दिसलं". "ती" आलं की थांबवा. सुरुवात रोज वेगळ्या मुलीने, लेफ्ट बॅकला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, एकदम पहिली नको. बहुतेक वेळा फॉरवर्डने बॉल घालवून चालत परतलेली निघते, आणि बॅकची आपसातली कुरबुर तिथेच विरते.

आठवड्यातून एकदा फॉरवर्डना बॅकच्या जागी खेळवा. टाळी कोणत्या पळण्याला वाजते तेही बघा. कव्हरला पळून आलेल्या मुलीला बॉल मिळत नाही, म्हणून तिचं नाव कोणी घेत नाही. ते तुम्ही घ्यायचं. २००७ चा महिला विश्वचषक जर्मनीने एकही गोल न खाता जिंकला. लक्षात राहते ती फायनलमध्ये गोली आंगेररने अडवलेली ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी, पण अख्ख्या स्पर्धेत गोलपर्यंत फार थोडं येऊ दिलं ते पुढच्या दहा जणींनी.

गुडघा_सांभाळा

थोडंसंच. मागे सरकणं, तिरकं वळणं, गचकन थांबणं, हे सगळं गुडघ्यावर येतं, आणि लिगामेंटच्या दुखापती मुलींमध्ये मुलांपेक्षा बऱ्याच जास्त होतात. ओल्या काळ्या मातीत स्टड रुततो, पाय जागेवर राहतो आणि अंग फिरतं. सरावाआधी फिफा ११+ चा २० मिनिटांचा वॉर्मअप ठेवा, आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवरच्या २००८ च्या अभ्यासात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकतायत का, एवढं तरी समोर उभं राहून बघा. चिखल असेल त्या दिवशी दर पाणी-विश्रांतीला काडीने स्टड साफ.

फक्कीवाली

सगळ्यांचे आभार. आणखी दोन अडचणी आहेत. गोली पेनल्टी एरियाच्या बाहेर यायला घाबरते, डोक्यावरून जाईल म्हणते. आणि लेफ्ट स्टॉपर हळू आहे. तिला सगळ्यांच्या मागे स्वीपर ठेवू का?

स्टॉपर_धुळे

स्वीपर ठेवलात तर ती एकटीच समोरच्या सगळ्यांना ऑनसाइड ठेवेल आणि बाकीच्या तिघी तिच्या भरवशावर आळशी होतील. त्यापेक्षा सगळी लाइन ५ मीटर खालून सुरू करा आणि तिला मोकळा बॉल ओळखायचं काम द्या. हळू मुलगी दोन पावलं आधी निघाली तर वेळेवर पोहोचते.

गोलीची भीती खोटी नाही, ७.३२ बाय २.४४ मीटरचा गोल आहे. पण तुमच्या वयोगटात ४० मीटरवरून मोजून डोक्यावरून टाकणारी एखादीच भेटते, आणि थ्रू बॉल दर मॅचला पाच-सात. म्हणून लाइन मध्यरेषेजवळ असेल तर गोली १६.५ मीटरच्या रेषेजवळ, लाइन खाली आली की तीही खाली. सरावात ३५ मीटरवरून कोणीतरी बॅकच्या मागे बॉल टाकायचा. निर्णय बॉल पायातून सुटतानाच घ्यायचा. निघाली तर "मी" ओरडून शेवटपर्यंत, नाही तर मागेच. अर्ध्यात थांबली की गोल. "मी" ऐकलं की जवळच्या दोन बॅकनी बॉलकडे न जाता गोलकडे पळायचं.

चिखलात थ्रू बॉल मध्येच मरतो, तेव्हा गोलीला आणखी बाहेर यावं लागतं. उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर तोच बॉल घसरत तिच्याकडेच येतो, मात्र बॅकने टप्पा पडू दिला तर डोक्यावरून उडतो. वाऱ्याचंही बघा, जून-जुलैत पश्चिमेचा असतो. साक्री-ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. वारा तोंडावर असेल त्या अर्ध्या मॅचमध्ये लाइन आणखी ४-५ मीटर खाली.

फक्कीवाली

दोर घरी नायलॉनचा आहे, चालेल?

तापीकाठ

नको, घामाच्या हातातून सुटतो आणि तळवे सोलवटतात. बोटाएवढा जाड सुती घ्या. गाठींना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे बाहेरून तुम्हाला लाइन कुठे वाकली ते दिसेल.