दोन गाण्यांच्या तबकडीला तीन हजार? होय, दिले. बोला.

कृष्णाकाठी_बास
परवा ग्रुपवर नेपाम डेथ ह्या मेटल बँडच्या सात इंची सिंगलचा, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीचा, फोटो टाकला. खाली एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, "मोबाइलवर फुकट ऐकायला मिळणाऱ्या बोंबलण्याला तीन हजार! त्यापेक्षा बापाच्या औषधाला दिले असते." वर अंगठेच अंगठे. फोटोखाली उत्तर मावणार नव्हतं, म्हणून हा धागा.

माझ्या बापाची औषधं मी आणतो. तुम्ही तुमचं बीपी सांभाळा.

आता तबकडीचं. ही फेब्रुवारी २०२० ची. एका बाजूला बँडचं स्वतःचं 'लॉजिक रॅव्हेज्ड बाय ब्रूट फोर्स', दुसऱ्या बाजूला सॉनिक यूथ ह्या दुसऱ्या बँडचं जुनं गाणं, यांनी आपल्या पद्धतीनं सोलून काढलेलं. पूर्ण अल्बम आला सप्टेंबरात. मधल्या काळात जग कुलूपबंद होतं आणि माझ्याकडं ऐकायला ह्या दोन बाजू होत्या. आता काय होतं? अल्बम यायच्या आधीच निम्मी गाणी नेटवर सोडतात. अल्बम येतो तेव्हा तो शिळा असतो, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मठ्ठ्यासारखा. सिंगल दोनच गाणी देते आणि गप्प बसवते. मी पैसे त्याचे दिले.

आणि बँड १९८१ पासूनचा असला तरी त्यांचे बंगले नाहीत. स्ट्रीमिंगमधून येतात ते चिल्लर. तबकडी आणि टी-शर्टवर दौऱ्याच्या गाडीचं डिझेल निघतं.

हळदीचा_भाव
तो ज्येष्ठ मीच. बीपी गोळीवर ताब्यात आहे, काळजी नसावी.

बाळा, औषधाचं बोललो ते जरा जास्त झालं, सोड. पण मुद्दा सोडत नाही. कंपन्या एकच गाणं काळ्या, पांढऱ्या, हिरव्या रंगात काढतात आणि तुझ्यासारखी पोरं तिन्ही घेऊन भिंतीला लावतात. मार्केट यार्डात असा एकच माल तीन पोत्यांत घालून तीन भावांनी विकला तर दुसऱ्या दिवशी आम्हाला कोणी उभं करणार नाही. तू वाजवतोस तरी का ती?

मिरज_जंक्शन
दोघांच्या भांडणात एक तांत्रिक काडी टाकतो. हल्लीच्या बहुतेक तबकड्यांच्या खाचा डिजिटल फायलींवरूनच कापतात. त्यात मेटल म्हणजे कटिंग करणाऱ्याला शिक्षा. खालचा बास मधोमध आणावा लागतो, नाहीतर सुई उडते. झांजांचा चरचराट आवरावा लागतो. एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पुढं गेलं की आवाज बारीक होतो आणि आतल्या वळणांवर फाटतो. तेव्हा तबकडीचा 'उबदार आवाज' वगैरे प्रवचन नको.

कृष्णाकाठी_बास
उबदार हा शब्द मी लिहिलाच नाही, वर जाऊन बघ. आणि तू जे सांगितलंस ते सिंगलच्याच बाजूचं आहे. सात इंची बहुतेक मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरते, बाजूला एकच गाणं, खाच रुंद कापता येते. ज्यांची गाणी मुळातच दोन-तीन मिनिटांची, त्यांना याहून चांगला आकार कुठला?

काका, वाजवतो. एकच काळी घेतली आहे.

अजून एक. यांचा १९८७ चा 'स्कम' अल्बम घ्या. पहिल्या बाजूला एक संच, दुसऱ्या बाजूला जवळजवळ दुसराच बँड. दोन्हीकडं समान माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. मोबाइलवर चौदा वर्षं ऐकूनही मित्राला पत्ता नव्हता. तबकडी उलटी केली आणि म्हणाला, "हे कोण आलं आता?"

तंबोऱ्याची_गल्ली
छोट्या गाण्याचं कौतुक आम्हा मिरजकरांना सांगू नका. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ७८ च्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत ठुमरी अशी बसवली आहे की तासाभराच्या मैफिलीत काही राहिलं असं वाटत नाही. तीही एका अर्थी सिंगलच. तेव्हा पोराला ओरडू नका. माझ्या वडिलांनी पहिल्या पगारात तबकडी आणली होती, आजीनं दोन दिवस अबोला धरला होता.

हळदीचा_भाव
खाँसाहेब आणि हे? एका वाक्यात? ज्यांच्या नावानं दर्ग्याच्या उरुसात लोक रात्ररात्र बसून ऐकतात, त्यांच्या शेजारी हे डुकराचं ओरडणं बसवताय? तुमच्या गल्लीत तंबोऱ्याला भोपळा लावतात, डोक्याला कधीपासून लावायला लागले?

तंबोऱ्याची_गल्ली
तोंड सांभाळून. गाणं सारखं आहे असं म्हटलेलं नाही, वेळेचं बोललो. तंबोरा लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुम्ही तीन माणसांचा अपमान केलात.

अजिंक्यताऱ्याखाली
साताऱ्याहून राम राम. गोंगाटाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. हळदीचे काका, गणपतीत तुमच्या मंडळापुढं डॉल्बी असतो की नसतो?

हळदीचा_भाव
त्याचा इथं काय संबंध?

अजिंक्यताऱ्याखाली
म्हणजे असतो.

आमच्या पेठेत विसर्जनाला ट्रॉलीवर डब्यांची भिंत येते. गेल्या वर्षी फडताळातली काचेची बरणी चालत चालत कडेला आली, लोणच्यासकट खाली. आई कानात कापूस घालून देवघरात बसलेली, सहा महिन्यांचं पोर छातीशी. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, नियम २००० सालचे. हा पोरगा बंद खोलीत हेडफोन लावून ऐकतो. त्याला बोंबलणं म्हणायचं आणि भिंतीला म्हणायची परंपरा?

ट्रॉलीवाला_अप्पा
आला ज्ञानी. वर्षात एक रात्र पोरं नाचली तर तुमच्या बरण्या फुटतात. साउंडचा धंदा कर्जावर असतो मर्दा. डबे, ॲम्प्लिफायर, जनरेटर, हप्ता. सीझन चार-पाच महिन्यांचा. डबे जप्त झाले की सोडवायला महिने जातात, तेव्हा हप्ता तुम्ही भरता का? आमच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, तासगाव भागात. कर्णा झाडाला बांधायचा, पेटीत ह्याच सात इंची रेकॉर्डी. पिन झिजली तर टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, चार आणे ठेवून लग्न उरकायचे. तेव्हा पण म्हातारे शिव्याच घालायचे.

अजिंक्यताऱ्याखाली
कर्ण्यानं बरणी पडत नव्हती अप्पा.

ट्रॉलीवाला_अप्पा
बरणी मागं सरकवून ठेवायची. एवढं पण सांगायला लागतंय?

मिरज_जंक्शन
वडिलांच्या रेकॉर्डी आहेत का अजून? टोनआर्मवर नाणं ठेवलेल्या असतील तर खाचा नांगरलेल्या असणार, तरी बघायला येतो.

वारणेची_लेक
डॉल्बीचं तुम्ही उद्यापर्यंत मिटवा, मला तबकडीवर बोलायचं आहे. मी मेटल ऐकत नाही आणि ऐकणारही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचं तळघर आणि खालचा मजला गेला. टीव्ही, फ्रिज, भावाची हार्ड डिस्क सगळं कचऱ्यात. वडिलांच्या रेकॉर्डींची कव्हरं तर लगदाच झाली, बोट लावलं की निघायची. आईनं एकेक तबकडी नळाखाली धरून, मऊ फडक्याला साबण लावून, खाचेच्या दिशेनं पुसली. गच्चीवर सावलीत दोरीला चादर बांधून वाळवल्या. बऱ्याच वाजल्या. पहिल्या बाजूला गाळाची खरखर आहे, पण आवाज आहे. हार्ड डिस्कवाला रिकव्हरीला जे मागत होता त्यात ह्या पोराच्या पाच-सहा सिंगल आल्या असत्या.

हळदीचा_भाव
ताई, पुराचं नाव काढलंत की माणूस गप्प बसतो. हे बरोबर नाही वादात.

वारणेची_लेक
तुम्ही बापाची औषधं काढलीत ते बरोबर होतं?

मिरज_जंक्शन
😂 अमेरिकेत २०२२ साली तबकड्या सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. काका, बाजारभाव तुमच्या विरोधात चाललाय.

हळदीचा_भाव
अमेरिकेत पाणी पण विकत पितात. बरं, एवढं मान्य करतो: पोरगा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, वाईट मार्गाला फक्त कान लागलेत. आणि मंडळाचा खजिनदार मी आहे, डॉल्बीचं बिल माझ्याच सहीनं जातं, त्यामुळं त्या विषयावर माझं मत राखीव.

अजिंक्यताऱ्याखाली
खजिनदार! आता कळलं. मग बिलाचा आकडा सांगा की. त्यात किती सिंगल बसतात ते मी काढून देतो.

ट्रॉलीवाला_अप्पा
आकडा सांगू नका काका. अजून निम्मं बिल यायचं आहे माझं.