तानुकीवाला जपानी पिक्चर पोरांना दाखवू का?

वाळपयची_आई: चतुर्थीला वाड्यावरची पोरं आमच्याकडे जमतात, यंदा एका रात्री प्रोजेक्टरवर 'पोम पोको' लावायचा विचार आहे. इसाओ ताकाहाताचा, १९९४ चा, टोकियोजवळच्या तामा टेकड्या कापून न्यू टाऊन बांधतात आणि तानुकी, म्हणजे तिथला रानटी प्राणी, रूपं बदलून कामवाल्यांना पळवायला बघतात तो. मी अर्धाच बघितलाय, हसले खूप, पण मधेच मजूर मरतात, वर तानुकींच्या पायांमधल्या त्या अवयवाचे एकेक प्रकार, सासूबाई शेजारी बसल्या तर काय करू? आठ-दहा वर्षांच्या पोरांना चालेल ना?

सड्यावरचो: चालेल ओ. जपानी लोककथेत तानुकीचं ते असंच मोठं, खाणावळींच्या दारात मातीचे तानुकी ठेवतात त्यांचंपण तसंच. पोरं हसून सोडून देतात, लाजतो आपणच. फक्त इंग्रजी डबिंग नको, त्यात रॅकून म्हणतात, आणि तानुकी तर कोल्ह्या-कुत्र्याच्या कुळातला.

डिचोलीची: शेवट आधी सांगून ठेवा, तानुकी हरतात. एवढी भुतांची मिरवणूक काढतात, अख्खं टाऊन बघतं, आणि थीम पार्कवाला म्हणतो ही तर आमची जाहिरात! माझी मुलगी तिथे रडली नाही, भडकली. मला आमचा गाव आठवला. डोंगर कापायच्या आधी बिल्डरच्या लोकांनी राखणदाराला, म्हणजे गावची हद्द राखणाऱ्या देवाला, रोट ठेवला, सुर (माडी) ठेवली, विडी ठेवली, गाऱ्हाणं घालायला गावचाच माणूस, आता गेटापाशी टाइल्स लावलेली घुमटी आहे. आजी म्हणायची राखणदार रात्री काठी आपटत हद्दीवरून फिरतो. हद्दीवर आता कंपाउंड वॉल.

सड्यावरचो: एवढं पण निराश नको. आपल्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलातल्या रेल्वे डबल ट्रॅकिंगची वन्यजीव मंजुरी सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये रद्द केली ना? लोक कागद घेऊन भांडले म्हणून.

डिचोलीची: केली, मान्य. पण २०२० ला म्हादईच्या जंगलात चार वाघ विष घालून मारले ते काय बिल्डरने? गुरं मारली म्हणून राग. पिक्चरमध्ये माणूस म्हणजे नुसता बुलडोझर, आपल्याकडे तो गोठ्यातपण असतो.

वाळपयची_आई: बरं, जपानीच लावते. सबटायटल्स पोरांना जमणार नाहीत, मीच बाजूला बसून मराठीत सांगेन. त्या अवयवाला काय म्हणू तेवढं कोणीतरी सांगा.

सड्यावरचो: झोळी म्हणा.