'बदलापूर'मधला राघू शेवटपर्यंत आपला वाटतो का?

कर्जत_लोकल: (शेवट उघड केलाय, सिनेमा पाहिला नसेल तर वाचू नका.)
मी बदलापूर पूर्वेला राहते. श्रीराम राघवनचा 'बदलापूर' २०१५ मध्ये गावाच्या नावासाठी पाहिला होता. परवा आईबरोबर पुन्हा पाहिला. पुण्यात बँक लुटून पळणारे दोघं एका बाईची गाडी पळवतात. त्यात तिचा लहानगा जातो, तीही जाते. नवरा राघू आमच्या गावात येऊन पंधरा वर्षं वाट बघतो. तोवर मी पूर्ण त्याच्या बाजूने होते. पण त्या दोघांपैकी एक असलेल्या हरमनच्या बायकोला, कांचनला, तो खोलीत नेतो आणि बाहेर नवऱ्याला ऐकू जावं म्हणून ओरडायला लावतो, तिथे आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली. पुढे त्याच्याकडे मला बघवेना. तुमचं काय झालं?

निवृत्त_रोखपाल: माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, म्हणून सुरुवातच डोक्यातून जात नाही. कॅमेरा बँकेत शिरतच नाही. रस्त्यावर नेहमीची वर्दळ, आणि आत काय चाललंय याचा कुणाला पत्ता नाही. त्या मायलेकरांना तरी कुठे होता? राघूचं दुःख मला खरं वाटतं. पण कांचनचा त्या दरोड्याशी काडीचा संबंध नव्हता. तिच्यावर हातोडा उचलला तिथे तो माझ्यासाठी संपला.

रात्रपाळी: मला दुसरा दरोडेखोर, लायक, जास्त आठवतो. नवाजुद्दीनने तो इतका लबाड आणि इतका जिवंत केलाय! हिंदीत बदला म्हणजे सूड, पण आपल्या कानाला त्यात 'बदलणं'ही ऐकू येतं. बदलापूरचं नावसुद्धा घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं असं सांगतात ना? सिनेमात बदलतो तो लायकच. कॅन्सरने मरायला टेकलेला माणूस राघूने केलेले हरमन आणि कांचनचे दोन्ही खून स्वतःच्या अंगावर घेतो. ज्याचं घर त्याने उद्ध्वस्त केलं, त्यालाच सोडवतो. राघू मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीच थांबलेला.

कर्जत_लोकल: 'बदलणं' माझ्या लक्षातच आलं नव्हतं, रोज त्या नावाच्या स्टेशनवर उतरते तरी. आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. लायकचं तिला पटलं. मग म्हणाली, "पण त्या कांचनला मारणारा मोकळाच राहिला की गं."