म्हणे अमेरिकेत सगळेच सुंता करतात!

रिकामटेकडा_एडिसन
परवा इथे एका ताईंनी लिहिलं की मुलगा झाला की लगेच सुंता करून टाकावी, अमेरिकेत सगळेच करतात, आपणच मागासलेले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. ताई, न्यू जर्सीत १४ वर्षं काढलीत. मुलगा झाला तेव्हा बायकोची भूल उतरली नव्हती आणि नर्स फॉर्म घेऊन हजर, करायची का म्हणून, जसं काही भात हवा की पोळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर, पिस्टनचं चित्र झोपेत काढून दाखवीन, पण सुंतेत कापतात ती लिंगाच्या टोकावरची कातडी कशासाठी असते हे ३३व्या वर्षी मला पुरुष असून माहीत नव्हतं! रात्रभर वाचत बसलो. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या लुईस सेअर नावाच्या डॉक्टरने सुंतेने एका पोराचा पायाचा लकवा बरा झाला म्हणून जाहीर केलं, पुढे केलॉग (हो, कॉर्नफ्लेक्सवालाच) म्हणाला हस्तमैथुन सुटतं म्हणून करा. हे तुमचं शास्त्र. ब्रिटनमध्येही खूळ होतं, पण १९४९ ला गेर्डनर नावाच्या डॉक्टरने दाखवलं की बाळाची कातडी जन्मतः आत चिकटलेलीच असते, वयाप्रमाणे आपोआप सुटते, आणि ह्या ऑपरेशनपायी दरवर्षी काही मुलं हकनाक जातात. त्यानंतर तिकडे प्रमाण धाडकन खाली आलं. आम्ही फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं.

डॉ_वैतागलेले
सोयीचं तेवढं वाचलंत. ऑरेंज फार्म, किसुमू, राकाई ही नावं दिसली नाहीत का रात्रभरात? दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडा. तिन्हीकडच्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून एचआयव्ही लागण्याचा धोका ५० ते ६० टक्के कमी झाला, त्यावरूनच २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथे मोहीम काढायला सांगितली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ ला म्हटलंय की फायदे धोक्यांपेक्षा जास्त.

रिकामटेकडा_एडिसन
डॉक्टर, त्याच्या पुढचं वाक्यही सांगा ना. सरसकट सगळ्या बाळांची करा इतके ते फायदे मोठे नाहीत, आईबापांनी ठरवावं. आणि आफ्रिकेतले ते मोठे बाप्ये होते, स्वतः सही करून टेबलावर गेले. माझ्या पोराला एचआयव्हीची काळजी करायला अजून बराच वेळ आहे, तेव्हा तोच ठरवेल.

खमकी_मावशी
एवढं कापाकापीचं कशाला म्हणते मी. रोज अंघोळीला कातडी जरा मागे ओढून धुवायची, झालं. आमच्या अंघोळवाल्या बाईने तिन्ही पोरांचं तसंच केलं.

नवी_आई_पुणे
मावशी प्लीज हे कोणाला सांगू नका!! माझ्या मुलाला सव्वा महिना झाला तेव्हा बाईने असंच ओढलं, रक्त आलं, पोर रडून काळंनिळं. सासूबाई म्हणे सवय होईल. डॉक्टर एवढे चिडले की विचारू नका.

खमकी_मावशी
मग आमची पोरं मेली का? तुमच्या पिढीला सगळ्याचाच त्रास, बाईने तेल जास्त लावलं तरी डॉक्टर.

डॉ_वैतागलेले
मावशी, मरत नाहीत, पण चिरा पडतात, व्रण होतो आणि मग खरंच कातडी आवळते. म्हणजे जो आजार नव्हता तो आपण तयार करायचा. शिवाय मागे ओढलेली कातडी तिथेच अडकली तर टोकाला सूज येते, ती इमर्जन्सी असते. बाहेरून पाणी घाला, बास. कितीतरी पोरं फायमोसिस (कातडी आवळून मागे न जाणं) म्हणून ऑपरेशनला पाठवतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नुसतं थांबायचं असतं, नाहीतर काही आठवडे स्टिरॉइडचं मलम.

रिकामटेकडा_एडिसन
म्हणजे मी म्हणतो तेच!

डॉ_वैतागलेले
तुम्ही निम्मंच म्हणता.

तलवार९६
कसलं थांबायचं नि मलम, बाळाला कापणं रानटीपणाच आहे, कुठल्या लोकांचा ते सगळ्यांना माहितीय.

दापोलीकर
‘कुठल्या लोकांचा’ ते सरळ लिही ना. आमचा. माझी न्हाव्याने घरी केली होती, अजून आठवते, चांगलं नव्हतं. म्हणून माझ्या मुलाची सर्जनकडे भूल देऊन केली. आमच्यात हे दुरुस्त कसं करायचं यावर माझं मामांशी भांडण झालंय, ते मी करीन, तुझ्या शिव्या त्यात नकोत. आणि बारशाला पोरीचे कान टोचता तेव्हा तिची संमती घेता का?

तलवार९६
कानाचं भोक बुजतं.

दापोलीकर
माझ्या बायकोचं वीस वर्षांत बुजलं नाही.

छप्पन्न_पूर्ण
भांडा, पण बाळांचंच काय चाललंय? माझी ऐका. दोन वर्षांपूर्वी माझी कातडी आपोआप आवळत गेली, चिरा, खाज. लाजेपोटी आठ महिने मेडिकलवाल्याकडून मलमं नेली, तोही शहाणा, रोज नवीन ट्यूब. शाळेत बाईंनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडलेला, घरी कोण वाचतंय. शेवटी डॉक्टरकडे गेलो तर त्याने आधी बोट टोचून शुगर बघितली, ३४०! मला डायबेटीस आहे हे असं कळलं. ५४व्या वर्षी सुंता झाली, पंधरा दिवस धोतरात काढले. मित्रांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय अजून.

डॉ_वैतागलेले
काका, हे फार बरं केलंत लिहून. मोठ्या वयात नव्याने कातडी आवळायला लागली तर शुगर तपासायचीच. डायबेटीसच्या काही गोळ्यांनी लघवीतून साखर जाते, त्यानेही तिथे बुरशी होते. सांगायला लाजू नका.

रिकामटेकडा_एडिसन
बरं, गरज असेल तेव्हा ऑपरेशन लागतं, मान्य. कधी नाकारलं होतं? (डॉक्टर, खूश?)

नवी_आई_पुणे
पण अंघोळवाल्या बाईला सांगायचं कसं ते कोणीच सांगत नाहीये, सासूबाई तिच्या बाजूने आहेत.

खमकी_मावशी
बाईला सांग मावशीने नको म्हटलंय. नाही ओढायला सांगत मी इथून पुढे. तेल तरी लावू द्याल का, का त्याचाही फॉर्म भरायचा?