ताण कमी झाला की नुसता मे महिन्यात सरकला?

‘सॅटच्या सब्जेक्ट टेस्ट बंद झाल्या, मुलं सुटली’ हे काही पटलं नाही. सॅट ही अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, आणि सब्जेक्ट टेस्ट म्हणजे तिच्याच जोडीच्या एकेका विषयाच्या परीक्षा. त्या घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने १९ जानेवारी २०२१ ला त्या अमेरिकेत तडकाफडकी बंद केल्या. बाहेरच्या देशांतल्या मुलांना त्याच वर्षीच्या मे-जूनपर्यंत मुभा होती. एमआयटीसारख्या नामांकित विद्यापीठाने तर २०२० मध्येच प्रवेश देताना त्यांचे गुण बघणं सोडलं होतं.

आमच्या थोरलीने त्यातली गणिताची वरच्या पातळीची परीक्षा, मॅथ लेव्हल टू, दिली होती. तासाभरात ५० प्रश्न, चुकलं की पाव गुण वजा. गंमत म्हणजे चार-पाच प्रश्न हुकले तरी बहुतेक वेळा ८०० पैकी ८०० मिळायचे, आणि ते मिळवणारे इतके, की पर्सेंटाइल जेमतेम ८० च्या आसपास! पुण्याला आईला फोनवर हे समजावताना माझी दमछाक झाली. ‘‘पैकीच्या पैकी पडले ना, मग मागे कशी?’’

धाकट्याच्या वेळी ती जागा एपीने, म्हणजे शाळेतच शिकायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांनी, घेतली होती. एका तासाऐवजी वर्षभराचा अभ्यासक्रम आणि मेमध्ये तीन-तीन तासांचे पेपर. वर तो विषय शाळेत असायला हवा. आमच्या गावातल्या शाळेत फिजिक्स सी हा एपीचा भौतिकशास्त्राचा विषय नाहीच. घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येतं म्हणे, पण बसवून घेणारी शाळा शोधा! तीन शाळांना फोन केले. एक हो म्हणाली, तीही ४५ मैलांवरची. सब्जेक्ट टेस्टला हे नव्हतं. ऑनलाइन नाव नोंदवायचं, शनिवारी सकाळी पेन्सिली नि कॅल्क्युलेटर घेऊन जायचं, दुपारी जेवायला घरी.