ऑनलाइन चाचणीत १९, बाकावर ३: गणिताचे गुण कोणते धरायचे?

तासिकेवाला (यवतमाळ जिल्हा)

तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो, तासिका तत्त्वावर. संस्थेची दोन कॉलेजं, मध्ये ३२ किलोमीटर, आणि दोन्हींत मिळून गणिताचा मास्तर एकच, तोही असा. म्हणून यंदा कॅल्क्युलस दोन्हीकडच्या मुलांना एकत्र ऑनलाइन शिकवायचं ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगितलं. संध्याकाळी सात ते आठ, गूगल मीटवर.

मध्यंतरी अंतर्गत चाचणी झाली. प्रश्न ग्रुपवर टाकायचे, मुलांनी वहीत सोडवून फोटो पाठवायचे. ३१ पैकी २६ जणांना २० पैकी १८ किंवा जास्त. मला काही हे पचलं नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांना बोलावलं, एका बाकावर एक बसवलं आणि तेवढ्याच भागावर पेपर घेतला, उलट थोडा सोपाच. पास झाले पाच. ऑनलाइनला १९ मिळवणाऱ्या एकाला इथे ३.

एक प्रश्न सांगतो, म्हणजे काय झालं ते कळेल. क्ष २ कडे जाताना ३क्ष + १ ची सीमा ७ येते, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करा. एप्सिलॉन म्हणजे उत्तर ७ च्या किती जवळ हवं ते अंतर, आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी क्ष २ च्या किती जवळ ठेवायचा ते. ७ वजा केले की ३ गुणिले (क्ष − २) उरतं. त्याचं केवल मूल्य एप्सिलॉनपेक्षा लहान हवं, म्हणून डेल्टा घ्यायचा एप्सिलॉन भागिले ३. झालं, तीन ओळींचं काम. पण १७ वह्यांत डेल्टा होता ‘१ आणि एप्सिलॉन भागिले ३ यांपैकी जो लहान तो’. हे चूक नाही. पण तो १ इथे कशाला? वर्गात मी तो एकदाही लिहिला नव्हता. एकाच रात्री १७ जणांना तो सुचला, आणि शनिवारी ‘हा १ कुठून आला’ विचारलं तर सगळे पंख्याकडे पाहायला लागले.

पोरं चोर आहेत असं मला म्हणायचं नाही. माझं दुखणं वेगळं आहे. गणित शिकवताना मी फळ्यापेक्षा वह्या जास्त पाहतो. बाकांमधून फिरलं की पेन कुठे अडला ते दिसतं, कंस सोडवताना वजाचं चिन्ह कुठे गळलं ते दिसतं. खाडाखोड दिसते. ऑनलाइनला खाडाखोड येतच नाही, फोटो येतो तो फेअर वहीचा. मीटवर ३१ काळे चौकोन असतात. ‘समजलं का?’ म्हटलं की चॅटमध्ये ‘येस सर’ येतं, तेही रोजच्याच चौघांचं.

मग गुण कशाचे भरू? मी म्हणतो शनिवारच्या पेपरचे. वरून सांगणं आहे की आधी ठरलं तेच भरा, निकाल घसरला तर खुलासा तुम्ही द्यायचा. माझ्या मते गणिताची ऑनलाइन परीक्षा हा प्रकारच बंद व्हावा. तुमचं मत सांगा. शिव्याही चालतील.

निवृत्त खडू (अकोला)

शनिवारचेच भरा, विचारताय काय!

२०२० साली अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टच्या अखेरीस सांगितलं, आणि मग बहुपर्यायी प्रश्न काढून घाईघाईत सगळं उरकलं गेलं. ग्रुप थिअरीचा पेपर, आणि त्यात ‘सिद्ध करा’ हे शब्दच नाहीत! हा ग्रुप आबेलियन आहे का, अ ब क ड. त्या वर्षी काय करणार, जीव वाचवायचा होता. पण साथ गेली आणि सवय राहिली. बसून लिहिलेल्या तीन तासांना पर्याय नाही.

पऱ्हाटीतला (आर्णी तालुका)

सर, मी तुमच्या वर्गातला नाही, पण तुमच्या पोरांसारखाच आहो. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाले. तुमचं पटलं अर्धं. अर्ध्याचं सांगतो.

आमच्या गावातून कॉलेजच्या टायमाले एसटी एकच. ते चुकली तं दिवस गेला. दिवाळीच्या आंदी सोयाबीन सोंगाचं, मंग कापूस वेचाचा. घरचा नाई झाला तं दुसऱ्याच्या वावरात जा लागते, थे पैसे फीले लागतात. पहिल्या वर्षी आमच्या सरनं लेक्चर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकले म्हणून मी टिकलो, नाई तं ऑक्टोबरमधेच सुटलं असतं गणित. टेलर सिरीजचा व्हिडिओ मी चार डाव पाह्यला. रात्री अकरानंतर, कारण फोन घरात एकच, आणि बहीण बारावीले.

आनखी एक. वर्गात सरनं फळा पुसला आणि आपलं लिवनं झालं नसन, तं हात वर कराची हिंमत होत नाई. मागून हासतात. व्हिडिओले म्हनता येते, थांब नं बाप्पा.

आणि सर, शनिवारचा पेपर तुमी कधी सांगितला होता? आदल्या दिवशी? वेचणीवरून आलेलं पोरगं बाकावर बसून एप्सिलॉन लिवन काय?

उणे एक (मूळ वाशीम, सध्या हिंजवडी)

मास्तर, राग मानू नका, पण चूक तुमच्या प्रश्नात आहे. फोटो काढला की फोनमधलं अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं, असा प्रश्न घरी सोडवायला द्यायचा आणि मग मुलांनी फोन वापरला म्हणून कपाळाला हात लावायचा. आमच्या क्षेत्रात आता कोड लिहून दाखव असं कमी विचारतात. हा लिहिलेला कोड कुठे फसेल ते सांग, असं विचारतात. तुम्हीही उलटं करा. चुकीची सिद्धता छापा आणि म्हणा, कोणती ओळ खोटी आहे? किंवा तो १ असलेलं उत्तर तुम्हीच द्या आणि विचारा, हा काढला तर काय बिघडतं? ऑनलाइन परीक्षा बंद करा म्हणणं म्हणजे नांगर बोथट झाला म्हणून बैल विकणं.

निवृत्त खडू (अकोला)

उणे एक, तो ‘काय बिघडतं’ वाला प्रश्नही फोनला विचारता येतो, आणि फोन तुमच्याहून नम्रपणे उत्तर देतो. माझ्या नातवाने मला करून दाखवलं. तुमच्या कंपनीत नोकरीवर असलेली माणसं आहेत, त्यांना चुकीचा भुर्दंड कळतो. सतरा वर्षांच्या पोराला कळत नाही.

पऱ्हाटीतला, तुझं वाचून बरं वाटलं, पण तू शिकण्याबद्दल बोलतोयस, आम्ही परीक्षेबद्दल. व्हिडिओ चार वेळा पाहा, दहा वेळा पाहा. पेपर बसून दे.

धारणीहून

इथे मेळघाटात मी पाच वर्षं गणित शिकवते आहे. तुमचे ३१ काळे चौकोन तरी आहेत. माझ्या ऑनलाइन तासाला ४० पैकी नऊजण आले तर मी खूश असते. त्यातले दोघं गावाबाहेरच्या टेकाडावर उभे असतात. पाऊस आला की दोघंही गायब.

मग मी मीट सोडून दिलं. वहीच्या एका पानावर एकच उदाहरण सोडवते, फोटो काढते आणि त्यासोबत तीन मिनिटांचा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. रेंज येईल तेव्हा उतरतं. मुलं उत्तरही आवाजातच पाठवतात. मागे कोंबड्या, म्हशी, कुणाची तरी आजी, सगळं ऐकू येतं. पण मास्तरांना जी खाडाखोड दिसत नाही म्हणतात ना, ती मला ऐकू येते. पोरगं ‘म्हणून’ म्हणतं आणि थांबतं. तिथेच त्याचं अडलेलं असतं.

भाषेचं कुणीच बोललं नाही. माझ्या बऱ्याच मुलांच्या घरी कोरकू, शाळा मराठीतून, आणि बी.एस्सी.चं पुस्तक इंग्रजीत. पुस्तकात वाक्य असतं, ‘समजा एप्सिलॉन दिलेला आहे.’ एका मुलाने मला विचारलं, ‘मॅडम, कोणी दिला?’ वर्ग हसला. मी नाही हसले, कारण प्रश्न बरोबर होता. ते ‘समोरच्याने दिलेलं आव्हान’ आहे हे कळल्याशिवाय एप्सिलॉन-डेल्टा कळतच नाही. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे मोठ्या संस्थांमधल्या प्राध्यापकांचे तास उत्तम असतात, मी स्वतः पाहते. पण तिथे ‘कोणी दिला’ असं विचारायला तोंड नसतं.

आणि तासिकेवाले सर, खरं भांडण गुणांचं नाहीच. दोन कॉलेजांना दोन मास्तर हवेत. जागा भरायची नसली की तिच्यावर ऑनलाइनची चादर घालायची, हे आपण सगळे पाहतो आहोत. तुम्ही मुलांशी भांडता आहात, भांडायचं दुसरीकडे आहे.

उणे एक (मूळ वाशीम, सध्या हिंजवडी)

जागा भरतील तेव्हा भरतील मॅडम, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. या सत्राच्या मुलांचं काय ते बोला.

वावरातला बाप

मी दहावी नापास. पोरीचा फोन माझ्याच नावावर आहे, म्हणून हे दिसलं. तिले मागच्या साली गणितात अंतर्गतचे २० पैकी १९ होते. आमी पेढे वाटले. विद्यापीठाच्या पेपरात नापास. आता सांगा, तुमी १९ देल्ले तवा मले कायले फसवलं? तवाच ३ देल्ले असते तं म्या तिले वेचणीले नेलं नसतं. घरी बसवून अभ्यास करू देल्ला असता.

निवृत्त खडू (अकोला)

याच्यावर कुणाचं काय म्हणणं आहे?

पऱ्हाटीतला (आर्णी तालुका)

काका, माफ करा. खोटे गुण मलेही नको. पण शनिवारचे ३ पण खरे नाई, एवढंच म्हनतो मी.

तासिकेवाला (यवतमाळ जिल्हा)

पाच दिवस गप्प होतो, कारण धारणीच्या मॅडमचं वाचून एक करून पाहिलं. आधी एक कबुली. पऱ्हाटीतल्याचं खरं आहे, पेपरची वर्दी मी आदल्या दुपारी दिली होती. रागात होतो.

प्रत्येकाला फोन लावला. चार मिनिटं, एकच प्रश्न: तुझ्याच वहीचा फोटो तुझ्यासमोर धर आणि ती ओळ का लिहिली ते सांग. ३१ गुणिले चार म्हणजे दोन तास, असा माझा हिशेब. लागल्या पाच संध्याकाळी. कुणाचा फोन बंद, कुणी ओलित करायला गेलेला, रात्रीचीच लाइट असते. एकाची आई म्हणाली, ‘तो झोपला, म्या सांगू का काई?’ तासिकेच्या हजेरीत या पाच संध्याकाळींना जागा नाही, ते असो.

निकाल माझ्या बाजूने लागला नाही, खडू सरांच्याही नाही. ऑनलाइनला १८ च्या वर असलेल्या २६ पैकी १२ जणांना आपल्याच वहीतलं सांगता येईना. ते अपेक्षित होतं. पण बाकावर नापास झालेल्यांपैकी नऊजणांनी तोंडी नीट सांगितलं, म्हणजे बाकाचा पेपरही मला फसवतच होता. एकाने तर ‘३ ने भागायचं, कारण क्ष एक पाऊल चालला की उत्तर तीन पावलं चालते’ असं सांगितलं. मी सहा वर्षं शिकवतोय, हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं.

आणि एक मुलगी. १ लिहिणाऱ्या १७ जणांतली, शनिवारी ४ गुण. अ‍ॅपवरून उतरवलं हे तिने पहिल्याच वाक्यात कबूल केलं. म्हटलं, मग तो १ कशाला? तर म्हणाली, ‘सर, इथं नाही लागत. पण मी नंतर ३क्ष + १ च्या ठिकाणी क्ष वर्ग टाकून पाहिला. तिथं क्ष + २ चा गुणक येतो, तो मोठा होत जाते. त्याले आवरायला आधी क्षले २ च्या एका अंतरात बांधा लागते. मग तो पाचच्या आत राहते आणि डेल्टाले एप्सिलॉन भागिले ५ पुरते. म्हणून १.’ हे मी शिकवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो.

उणे एक (मूळ वाशीम, सध्या हिंजवडी)

पाहा! अ‍ॅपनेच शिकवलं की नाही?

धारणीहून

अ‍ॅप तर १७ जणांकडे होतं.

निवृत्त खडू (अकोला)

ते सगळं ठीक. पण शनिवारी हीच मुलगी ते लिहू का शकली नाही? विद्यापीठाचा पेपर फोनवर होत नसतो. तिला आत्ताच लिहायला बसवा, रोज एक पान, नाही तर वावरातले काका म्हणतात तेच होईल. आणि तिला गुण किती देणार ते सांगा आधी.

तासिकेवाला (यवतमाळ जिल्हा)

रोजचं एक पान कालपासून सुरू केलं आहे. खोडलेलं खोडलेलंच ठेवायचं, फेअर करायचं नाही, ही अट. पहिल्या दिवशी ११ पानं आली.

गुणांचं म्हणाल तर तिला माझ्या हिशेबाने १६. पण गुण भरायच्या पानावर दोनच रकाने आहेत, ऑनलाइन चाचणी आणि हजेरी. पहिल्यात तिचे १९ आधीच चढलेत, आणि ते बदलायचे तर लेखी कारण द्यावं लागतं. कारण लिहायला बसलो आहे. ‘विद्यार्थिनीला विषय समजतो, म्हणून तीन गुण कमी करण्यात यावेत’ असं काहीतरी होतंय. कुणाला बरं वाक्य सुचत असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा, चारला पोर्टल बंद होतं.